सरजाबाईचं म्होरलं शीट

सरजाबाईनं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे नांदेडची गोदावरी, आणि त्या उन्हाळ्यात तीही हाडांवर आली होती. तरी लातुरात त्या दिवसांत जहाजांची तिच्याइतकी चौकशी करणारं दुसरं माणूस शोधूनही सापडलं नसतं. सकाळी टँकरच्या रांगेत घागर ठेवली की ती पुढच्या बाईला विचारायची, "रेडिओ ऐकला का? इराण-इराकचं काय म्हणून राहिलेत?" पुढची बाई बिचारी पाण्याच्या काळजीत. ती म्हणायची, "टँकर येतो का न्हाई ते बगा आधी."

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. लातूर जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. कचेऱ्यांना नवा रंग होता, पाट्या नव्या होत्या, फक्त नळाला पाणी नव्हतं. सरजाबाईचा नवरा केरबा कलेक्टर कचेरीत नाईक होता. नवा जिल्हा होतो म्हटल्यावर त्यानं नांदेडहून बदली मागून घेतली होती, आणि ती मिळाल्याचा त्याला अजून अभिमान होता. गाडीबद्दल मात्र तो फार बोलत नसे. बायको दोघांच्या वाटणीचं बोलते हे त्याला ठाऊक होतं.

गाडी होती व्यंकटीची, त्यांच्या थोरल्या मुलाची. छप्पन सालच्या बौद्ध दीक्षेच्या आदल्या वर्षी जन्मला म्हणून त्याचं नाव व्यंकटी राहून गेलं. पाठच्या भावंडांची नावं मग नव्या रीतीची आली. व्यंकटी कुवेतला थंड हवेच्या मशिनी दुरुस्त करायचा. तिकडचा मुक्काम आवरून तो कायमचा परतला, आणि येताना वापरातली पण नव्यासारखी पांढरी मोटार जहाजात चढवून आला. तो विमानानं मुंबईत उतरला. गाडी मात्र यायचं नाव घेईना. आखातात लढाई चालू, जहाजं थांबत थांबत निघत. हे जहाज आज इथं थांबलं, उद्या तिथं. व्यंकटी मुंबईत दोस्ताच्या खोलीवर बंदराची वाट पाहत बसला आणि इकडं त्याच्या मायचा जीव टांगणीला लागला.

तिला एका जागी बसवेना. भाकरी थापता थापता ती उठून दारात जायची. रस्त्यावर कुठलाही हॉर्न वाजला की हात पुसत बाहेर. मुंबईहून गाडी निघायच्या आधीच ती लातुरात हॉर्न ऐकत होती. अंगणात तिनं दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या. उजवी खुर्ची व्यंकटीची, म्हणजे ड्रायव्हरची. डावीवर ती स्वतः बसायची, पदर सारखा करून, मान ताठ ठेवून, डाव्या हातानं नसलेल्या खिडकीची कड धरून. केरबा कचेरीतून आला की हसायचा.

"बाजारात तुरी न् भट भटणीला मारी! अगं, गाडी तर येऊ दे."

"तुमाला काय कळंतंय? चांगलं बसायला बी शिकावं लागतंय."

हा सगळा खटाटोप पुढच्या सीटसाठी होता, आणि त्यामागं बहात्तर सालची गोष्ट होती.

त्या दुष्काळात ही मंडळी गावीच होती. उमरीपासून आत तळेवाडी म्हणून गाव. सरजाबाई आणि तिची थोरली बहीण भामाबाई, दोघी सख्ख्या बहिणी एकाच घरात दोघा भावांना दिलेल्या. खडी फोडायच्या कामावर दोघी जायच्या. एक दिवस सरजाबाईच्या पायावर धोंडा पडला. पाऊल फुटलं, रक्त थांबेना. तेवढ्यात हणमंतरावांची जीप उमरीला निघालेली दिसली. हणमंतराव म्हणजे गावचं मोठं घर. जीपमध्ये ड्रायव्हर एकटाच होता. त्याच्या शेजारचं सीट रिकामं. भामाबाईनं बहिणीला खांद्यावर घेऊन आणलं आणि पुढच्या दाराला हात घातला. हणमंतराव ओट्यावर उभे होते. ओरडलेसुद्धा नाहीत. सहज म्हणाले, "मागं बशीव तिला."

मागं पेंडीची पोती भरलेली होती. भामाबाई भांडली, लई भांडली, पण ड्रायव्हर मालकाकडं बघत राहिला आणि इकडं रक्त वाहत होतं. शेवटी सरजाबाई पोत्यांवर आडवी होऊन उमरीला गेली. सगळ्या वाटेनं तिच्या डोळ्यांसमोर ते रिकामं सीट खड्ड्या-खड्ड्याला उडत होतं. त्यावर कुणी बसलेलं असतं तर तिला काही वाटलं नसतं. ते रिकामं होतं, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही.

पाय बरा झाला. केरबाला नांदेडला नोकरी लागली, बिऱ्हाड हललं. निघताना सरजाबाई विहिरीवरच्या सगळ्या बायांसमोर बोलून गेली, "आता ह्या गावात पाय ठिवीन तर म्होरल्या शिटावर बसून. न्हाईतर माझं मढं बी हिकडं आणू नका." बोलायला काय, रागात माणूस बोलून जातं. पण भामाबाईनं ते वाक्य उचललं आणि गावभर केलं. आणि एकदा गावभर झालेला शब्द माघारी घेता येत नाही. पंधरा वर्षं सरजाबाई गावाकडं फिरकली नाही. भामाबाईच तिच्याकडं यायची, नांदेडला, मग लातूरला. येताना गावच्या बोरांची पिशवी आणायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "मग, कव्हा येतीस म्होरल्या शिटावर?"

आता भामाबाईला येता येत नव्हतं.

एका दुपारी तिचा मुलगा मारोती लातुरात येऊन थडकला. चेहरा उतरलेला. पाण्याचा तांब्या घेतला आणि दारातच बसला.

"मावशे, मायचं काय खरं न्हाई. दिवाळीपासून बाजंवरच हाय. आता तर पेज बी जाईना झालीय. डॉक्टर म्हणला, घरी न्या, भेटवा कुणाकुणाला भेटवायचं ते."

सरजाबाई लगेच उठली. लुगडं बदलायला आत वळली.

"थांब मावशे," मारोती म्हणाला. "मायनं निरोप दिलाय. म्हणली, सरजीला सांग, गाडीतच ये. एष्टीनं आलीस तर मी तोंड बघणार न्हाई."

"येडी हाय का ती?"

"गावात सगळ्यायला सांगून बसलीय ना. हणमंतरावच्या ओट्यावरली माणसं चेष्टा करतात. जातायेता इचारतात, जहाज कुठवर आलं म्हणून. मायबी रोज तेच इचारतीय. डोळे उघडले की पहिलं, जहाज कुठवर आलं रं?"

सरजाबाईला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू फुटलं. मारोती चहा पिऊन संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

त्या दिवसापासून तिचं चित्त कुठंच लागेना. पाळीचा टँकर चुकला तरी तिला पत्ता नसे. गल्लीच्या कोपऱ्यावर गुरुबसप्पांचं किराणा दुकान होतं, तिथं फोन होता. व्यंकटीचा ट्रंककॉल तिथं यायचा. सरजाबाई दिवसभरात इतक्या वेळा जिरे घ्यायला जायला लागली, की गुरुबसप्पांची बायको शांतम्मा म्हणाली, "सरजाक्का, एवढ्या जिऱ्याचं काय करताव? इथंच बसा की फोनजवळ." मग ती साखरेच्या पोत्याला टेकून बसायची आणि फोनकडं रागानं बघायची.

एकदाचा फोन आला. जहाज मुंबईला पोचलं होतं. सरजाबाई ओरडलीच. पण व्यंकटी पुढं सांगू लागला, की जहाज बाहेर समुद्रात नांगर टाकून उभं आहे, आत यायला जागा मिळाली की येईल, मग माल उतरेल, मग कागद तपासतील.

"दिसतंय का तुला ते?"

"दिसतं माय, लांबून. सतरा जहाजं हायत, त्यातलं कोणतं आपलं कळत न्हाई."

"मग होडी करून जा की! तुझी मावशी मरून राहिलीय रं!"

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. गाडी डोळ्यांसमोर आणि हात पोचत नाही. त्यानंतरचे दिवस सरजाबाईनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. बहिणीसाठी जीव तुटत होता, आणि बहिणीनंच वाट अडवून ठेवली होती. आपण तोंडातून काढलेला एक शब्द पंधरा वर्षं पोसला आणि आता तोच आपल्याला खायला उठला, असं तिला वाटायचं. स्वतःचा राग यायचा. भामाचा त्याहून जास्त यायचा. मग भामाचं पेज न जाणारं तोंड आठवायचं आणि राग विरघळून जायचा.

एका सकाळी ती उठली, पिशवीत दोन लुगडी कोंबली आणि केरबाला म्हणाली, "चुलीत गेलं म्होरलं शीट. मी चालले." केरबानं चप्पल घातली आणि तिला स्टँडवर नेलं. नांदेडची गाडी लागली होती. ती चढली, खिडकीशी बसली. कंडक्टर आला. तिनं चंचीला हात घातला आणि तो तिथंच राहिला. आपण तळेवाडीत धुळीनं भरलेल्या पायांनी चालत शिरतो आहोत, ओट्यावरची माणसं विचारतात, "काय सरजाबाई, जहाज बुडालं काय?" आणि बाजेवरची भामा तोंड भिंतीकडं फिरवते, हे सगळं तिला लख्ख दिसलं. ओट्यावरच्या माणसांचं तिनं सोसलं असतं. पण भामा खरंच तोंड फिरवील आणि तशीच जाईल, ह्याची तिला पक्की खात्री होती. बहीण होती ती तिची, दोघींचं डोकं एकाच चाकावर घडलेलं. सरजाबाई गाडीतून उतरली. खाली केरबा उभाच होता.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला, आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.

पुढचे आठ-दहा दिवस असेच गेले. गावाकडून निरोप नव्हता. निरोप नाही म्हणजे अजून आहे, एवढाच आधार.

आणि मग एका टळटळीत दुपारी, ती हॉर्नकडं लक्ष द्यायचं सोडून तांदूळ निवडत बसली असताना, गल्लीत खराखुरा हॉर्न वाजला.

गाडी पांढरी होती म्हणे. वाटेतल्या धुळीनं ती पार तांबडी झालेली. सगळी गल्ली गोळा झाली. शांतम्मा चाकाखाली ठेवायला लिंबं घेऊन आली, तर सरजाबाईनं ती तिच्या हातून घेतली आणि घरात सरबताला पाठवली. "असलं आमी छप्पनलाच सोडलंय शांतम्मा. पोराला तहान लागली असंल." व्यंकटी उतरला, मायच्या पाया पडला. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला न फिरवला, आणि गाडीच्या डाव्या दाराकडं धावली. पदर सारखा केला. दार उघडलं.

आत स्टेअरिंग होतं.

तिनं दार लावलं. पुन्हा उघडलं. स्टेअरिंग तिथंच.

"व्यंकटी, हे काय रं? माझ्या शिटावर ष्टेरिंग कुणी ठिवलं?"

"माय, तिकडं सगळ्या गाड्यायचं डावीकडंच असतंय. रस्त्याच्या उजवीकडनं चालतात तिकडं."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"फोटू धाडला होता की. त्यात मी ष्टेरिंगवरच बसलोय."

फोटो खरंच आला होता. भिंतीवर लावला होता. सरजाबाईनं रोज त्याच्यातलं पोराचं तोंड पाहिलं होतं. पोरगं कुठल्या बाजूला बसलंय हे कोणती आई बघते? ती पायरीवर बसली आणि सगळ्या गल्लीसमोर रडली. "पंधरा वरसं वाट पाहिली, दोन महिने जहाजाची पाहिली, आन् माझी जागाच न्हाई गाडीत!" व्यंकटीनं तिला हाताला धरून पलीकडून नेलं, उजवं दार उघडलं. "हे बग. हे बी म्होरलंच हाय." तिनं आत डोकावून पाहिलं. सीट होतं, खिडकी होती. पण खुर्च्यांवर डाव्या हातानं खिडकी धरायची सवय केलेली, तिला सगळं उलटंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. व्यंकटी डावीकडं, सरजाबाई उजवीकडं, केरबा मागं. गाडी वेगात होती तरी तिला ती रांगते आहे असं वाटत होतं. अहमदपूरजवळ समोरून एष्टी आली. एष्टीचा ड्रायव्हर शेजारून जाताना सहज खाली बघतो तर काय, ड्रायव्हरच्या जागी नऊवारी लुगड्यातली म्हातारी, मांडीवर पिशवी, दोन्ही हात पिशवीवर! त्यानं एष्टी रस्त्याखालीच घातली असती. लोह्यात एक सायकलवाला सायकल टाकून पळाला. नांदेडात चौकातल्या पोलिसानं शिट्टी तोंडात धरली ती वाजवायची विसरला.

"लोक असे का बगून राहिलेत रं?" सरजाबाई वैतागली. "कव्हा बाई म्होरं बसलेली बगितली न्हाई का?"

व्यंकटीला हसू आवरेना. "माय, त्यायला वाटून राहिलंय, गाडी तूच चालवतीस."

सरजाबाईनं पिशवी खाली ठेवली आणि ती ताठ झाली. तरी मन पुढंच धावत होतं. उमरी मागं पडली तशी ती हळूहळू म्हणू लागली, "जित्ती ऱ्हा गं अक्के. जित्ती ऱ्हा." कुणालाच नाही, नुसतंच.

तळेवाडीची वेस आली. वेशीतून आत शिरलं की रस्ता सरळ हणमंतरावांच्या ओट्यावर जातो आणि तिथून डावीकडं बौद्धवाड्याला वळतो. ओट्यावर पाच-सहा माणसं बसली होती. मधोमध हणमंतराव, आता पार थकलेले, हातात काठी. समोरून धुळीचा लोट घेऊन गाडी येताना त्यांनी पाहिली. धुळीनं माखलेल्या काचेमागं, ड्रायव्हर असतो त्या बाजूला, त्यांना सरजाबाई दिसली. कपाळ तेच, रागीट नाक तेच. आणि गाडी सरळ ओट्यावर चाललेली.

"आरं, केरबाची बायकू!" कुणीतरी ओरडलं. "तीच चालवतीय! उठा, उठा!"

ओटा क्षणात रिकामा झाला. कुणी पायरीवरून उड्या टाकल्या, कुणी देवळाकडं धावलं. हणमंतराव काठी टाकून, ज्या वयात माणसं भिंत धरून चालतात त्या वयात, ताडताड घरात शिरले आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. व्यंकटीनं गाडी अलगद डावीकडं वळवली. सरजाबाईच्या खिडकीसमोरून रिकामा ओटा सरकत गेला, त्यावर एकटी काठी पडलेली. हा क्षण तिनं पंधरा वर्षं मनात घोळवला होता. तिनं त्याच्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. तिचे डोळे भामाच्या दारातल्या कडुलिंबाखालच्या बाजेवर लागले होते.

बाजेवर भामाबाई होती. केवढीशी झालेली. पण डोळे उघडे होते.

गाडीपुढं आरडाओरड धावत आली होती. "भामाबाई, सरजानं गाडी आणली! सोताच चालवत आणली!" लोक धाकानं अजून लांबच उभे होते. सरजाबाई उतरली आणि बहिणीच्या उशाशी जाऊन बसली.

"आलीस?" भामाबाई म्हणाली.

"आले गं. उशीर झाला."

"जहाज लई हळू चालतंय." भामाबाईनं गाडीकडं पाहिलं. "लोक म्हणून राहिलेत, तूच चालवलीस. खरं?"

सरजाबाईच्या तोंडावर 'न्हाई' आलंच होतं. ते तिथंच अडकलं. ती म्हणाली, "तूच बग की बसून."

व्यंकटी आणि मारोतीनं भामाबाईला उचललं. वजन असं काही राहिलंच नव्हतं. सरजाबाईनं उजवं दार उघडलं, आपल्या जागेवर बहिणीला बसवलं, पाय आत घेतले. भामाबाईनं समोर हात फिरवला. तिथं काही नव्हतं. तिनं मान वळवून पलीकडं पाहिलं, स्टेअरिंग पाहिलं, त्याच्यामागं येऊन बसलेला व्यंकटी पाहिला. मग तिचे खांदे हलायला लागले. सरजाबाई घाबरली, पण ती हसत होती.

"म्हंजे तू नुस्ती बसलीस?"

"हाव. नुस्ती बसले."

"आन् हणमंतराव?"

"घरात पळाला. कडी लावून घेतली."

भामाबाईनं डोळे मिटून ते चित्र आधी नीट पाहून घेतलं. मग हळूच म्हणाली, "सांजंपावतर कळंलच गावाला. तवर कुणाला बोलू नको. लाव दार."

सरजाबाईनं दार लावलं आणि ती मागं जाऊन केरबाशेजारी बसली. मागच्या सीटवर. पंधरा वर्षं जिच्या नावानं ती बोटं मोडत होती त्या मागच्या जागेवर ती बसली आणि तिला काहीसुद्धा वाटलं नाही. समोर सीट होतं, आणि ते रिकामं नव्हतं. भामाचा पांढरा अंबाडा तिथं खड्ड्या-खड्ड्याला हलणार होता.

गाडी सुरू झाली. लोक पांगले. कोपऱ्यावर कुणीतरी किंचाळलं, "पळा रं! आता भामाबाई चालवून राहिली!"

भामाबाईनं आपले काडीसारखे दोन्ही हात वर उचलले आणि समोरच्या मोकळ्या हवेत स्टेअरिंग धरल्यासारखे धरले. मान ताठ केली. मागं न बघता तिनं विचारलं,

"बोल सरजे, कुठं नेऊ तुला?"

सरजाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "आधी हणमंतरावच्या दारावरनं घे अक्के," ती म्हणाली. "आन् हळू चालव. मला काय बी घाई न्हाई."